आर्सेसिओचा डावा पाय

सान्ता ओलायाच्या चौकात, चर्चच्या समोर, जीपगाड्यांची रांग पहाटेच लागते. कॉफीची पोती, केळ्यांचे घड, डुकराची पिल्लं, शाळेच्या मास्तरीणबाई, सगळं त्याच गाड्यांतून डोंगरावरच्या वाड्यांवर चढतं आणि त्याच गाड्यांतून खाली येतं. रांगेत ज्याचा नंबर पहिला त्याच्याच गाडीत बसायचं, असा नियम. पण एखादी पोटुशी बाई आली, नाहीतर कुणाचे टाके ओले असले, की तो नियम बाजूला राहायचा. बाकीचे ड्रायव्हर आपणहून म्हणायचे, "हिला आर्सेसिओकडे बसवा."

कारण आर्सेसिओच्या गाडीला गचका नव्हता. त्याची हिरवी विलीस जीप वयानं त्याच्यापेक्षा मोठी. अशा जुन्या जीपा गिअर टाकताना हटकून कुरकुरतात, आणि पहिला गिअर तर गाडी पुरती उभी केल्याशिवाय पडतच नाही. पण आर्सेसिओनं गिअर कधी बदलला ते मागे बसलेल्याला कळायचं नाही. इंजिनाचा आवाज बदलायचा तेवढाच. कुणी विचारलं की तो डाव्या मांडीवर थाप मारायचा.

"सगळं ह्याच्यात आहे. उजवा पाय काय, गाढवसुद्धा दाबतं."

त्याची बायको रुबिएला त्या जीपला सवत म्हणायची. त्यांना मूलबाळ झालं नाही. आर्सेसिओ रविवारी सकाळी जीप धुवायचा, चिंध्यांनी पुसायचा, बॉनेटवर कोपर टेकून तिच्याशी काहीबाही पुटपुटायचा. रुबिएला स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडायची, "तिला न्याहारी पण भरव की!" लग्न नवं होतं तेव्हा एकदा तिनं विचारलं होतं, मला शिकवशील का चालवायला. तो हसला होता. "तुला कुठं जायचंय? मी आहे ना न्यायला." तिनंही मग पुन्हा विचारलं नाही.

कॉफीच्या तोडणीला सुरुवात होत होती त्या दिवसांतली गोष्ट. सकाळी आर्सेसिओ पडवीत बुटाच्या नाड्या बांधत बसला होता. उजव्या बुटाची बांधून झाली, डाव्या बुटाची बांधता येईना. तो कितीतरी वेळ त्या नाडीकडे नुसता बघत राहिला. रुबिएला कॉफीचा कप घेऊन आली तेव्हा त्याचं तोंड एका बाजूला ओघळलं होतं.

खालच्या शहरातल्या दवाखान्यातून तो काठी टेकत परत आला. बोलणं जड झालं होतं, जिभेवर गरम बटाटा ठेवल्यासारखं, पण समजायचं. डावा हात मात्र मांडीवर नुसता पडून राहायचा आणि डावा पाय मागून फरफटत यायचा. घरी आल्यावर तो आधी खोलीत गेला नाही, गोठ्यात गेला. जीपवर कोंबड्या बसल्या होत्या. त्यानं त्या हाकलल्या, कसाबसा सीटवर चढला आणि डावा पाय क्लचवर ठेवला. ओल्या पोत्यासारखा तो पाय तिथं पडला. मग त्यानं उजव्या हाताच्या पंजानं गुडघा खाली रेटला. पेडल अर्ध्यापर्यंत गेलं आणि वर आलं. पुन्हा रेटला. पुन्हा वर आलं.

रुबिएला हे खिडकीतून बघत होती. ती बाहेर गेली नाही. चुलीवरचं घेवड्याचं भांडं तिनं उगाचच ढवळलं, आणि तो आत आला तेव्हा म्हणाली, "जेवायला वाढू?"

पुढे काही आठवडे जीप रुबिएलाचा भाऊ लिबार्दो चालवत होता. लिबार्दो मनाचा चांगला, पण कामाच्या बाबतीत त्याचं सगळं उरकून टाकण्यावर. तो क्लचवर पाय ठेवूनच गाडी हाकायचा. चढावर थांबायची वेळ आली की ब्रेक लावायच्या ऐवजी क्लच अर्धा दाबून गाडी तशीच लटकवत ठेवायचा आणि शेजारच्याशी गप्पा मारायचा. एका दुपारी जीप घराशी आली ती एक उग्र वास घेऊन. जळक्या केसांसारखा, जळक्या चपलेसारखा. आर्सेसिओ पडवीत खुर्चीत बसला होता. तो वास नाकात शिरल्याबरोबर त्याचा चेहरा असा झाला की रुबिएलाला वाटलं, पुन्हा झटका आला.

"क्लचची प्लेट जाळली," तो म्हणाला.

"अरे दाजी, चढच किती आहे तो," लिबार्दो म्हणाला. "पोती काय कमी होती?"

"चढ मी जन्मभर चढलो." एवढंच बोलून आर्सेसिओनं तोंड फिरवलं. रुबिएलानं इतक्या वर्षांत त्याला आईच्या मौतीतही रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी तो पडवीत बसून रडला. तोंडाची एकच बाजू रडत होती, दुसरी नुसती बघत होती.

नवी प्लेट बसली त्या संध्याकाळी रुबिएला त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"मला शिकव."

"काय?"

"गाडी."

"वय काय तुझं?"

"तुझ्यापेक्षा कमी. आणि पाय दोन्ही चालतात."

तो हसला. आजारपणानंतर पहिल्यांदाच.

शाळेमागच्या मैदानावर शिकवणी सुरू झाली. पहिल्या दिवशी आर्सेसिओनं इंजिन चालूच करू दिलं नाही. तिला डाव्या पायातला बूट काढायला लावला आणि अनवाणी पायानं नुसतं क्लच दाबायचं आणि सोडायचं, दाबायचं आणि सोडायचं. शेवटी पोटरीत गोळा आला. दुसऱ्या दिवशी इंजिन चालू. स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे तो तिच्या उजव्या हाताला बसायचा, म्हणजे त्याचा मेलेला हात तिच्या बाजूला आणि चालता हात दाराच्या बाजूला. काही दाखवायचं झालं तर त्याला सगळं अंग वळवून तिच्या गुडघ्यापर्यंत पोचावं लागायचं. तरी तो पोचायचा. गुडघ्यावर बोटं टेकवून म्हणायचा, "सोड. सोड. अजून. थांब! इथं. कळलं?"

"नाही."

"खेचर ओझं घेऊन उठायच्या आधी पाठ ताणतं बघ. तसं गाडी करते. नाक उचलते. तिथं पाय थांबवायचा आणि मग पेट्रोल द्यायचं."

गाडी दोन उड्या मारून बंद पडली. मैदानाच्या कडेला चरणारी गाय दचकून पळाली.

"हे काय केलंस?"

"तूच म्हणालास ना सोड!"

"सोड म्हणालो. फेकून दे नाही म्हणालो."

घरी आल्यावर जेवताना त्यानं दोन ताटल्या एकमेकींसमोर धरायला लावल्या आणि समजावून सांगितलं. "ही इंजिनाची. ही फिरतच असते. ही चाकांची. ही उभी आहे. क्लच म्हणजे ह्या दोघींना हळूच एकमेकींना लावायचं. पाय पटकन काढलास की एक फिरतेय, एक उभी आहे, टक्कर होणार. आणि लावतही नाहीस, सोडतही नाहीस, मधेच ठेवलंस, तर घासून घासून दोघी जळणार. ते हाफ क्लच. ते गरजेपुरतं. तिथं संसार नाही मांडायचा."

"मग तू मला इतकी वर्षं हाफ क्लचवरच ठेवलंस म्हणायचं," रुबिएला म्हणाली.

आर्सेसिओला हसता हसता ठसका लागला. तिला उठून त्याची पाठ थोपटावी लागली.

शिकवायला तो कडक होता. पेडलवर पाय नुसता विसावलेला दिसला तरी खेकसायचा, "तो पाट आहे का पाय ठेवायला?" ओढ्यात शिरताना म्हणायचा, "पाण्यात क्लचला पाय लावायचा नाही. मेलीस तरी नाही." उताराच्या बाबतीत त्याचा आवाज बदलायचा. "ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचं. उतारावर क्लच दाबून धरलास की गाडीचा हात सोडलास. मग ती तुझी नाही नि माझी नाही, दरीची."

सगळ्यात अवघड सुस्पीरोचा चढ. सुस्पीरो म्हणजे उसासा. आल्तो बोनितोच्या वाडीकडे जाताना तो लागतो आणि तिथं मालानं भरलेली प्रत्येक गाडी उसासे टाकत चढते. मध्यावर थांबून पुन्हा गाडी उचलायची, मागे जाऊ द्यायची नाही, ही आमच्याकडे ड्रायव्हरची खरी परीक्षा. पहिले काही दिवस आर्सेसिओ मागच्या चाकाला दगड लावून घ्यायचा. एके दिवशी तो दगड त्यानं उचलायला सांगितला आणि काठीनं ढकलून दरीत टाकला.

"आता?" रुबिएला घाबरून म्हणाली.

"आता तू नि हँडब्रेक."

ती मागे घसरली. पुन्हा घसरली. एकदा तर मागचं चाक कॉफीच्या झुडपात गेलं. ती स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडली, त्याला शिव्या दिल्या, गाडीला दिल्या, देवालाही दिल्या. त्यानं तिला रडू दिलं. मग म्हणाला, "रडून झालं की डोळे पूस आणि कानानं बघ. इंजिनाचा आवाज खाली बसतो, तेव्हा गाडीनं पकडलेलं असतं. मग हँडब्रेक सोड. ती मागे जाणार नाही. तिला जाताच येत नाही."

आवाज खाली बसला. तिनं हँडब्रेक सोडला. आणि जीप जिथल्या तिथं उभी राहिली, हवेत टांगल्यासारखी, आणि मग पुढे निघाली.

"आई गं," रुबिएला म्हणाली.

तेव्हाचे ते आठवडे वेगळेच. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण तो अंधारात घर सोडायचा आणि अंधारातच परतायचा. एवढं बोलणं त्यांचं आयुष्यात कधी झालं नव्हतं. मैदानावरून परतताना ते वाटेत थांबायचे, मक्याची भाकरी आणि चीज खायचे, आणि आर्सेसिओ तिला सांगत बसायचा कुठल्या वळणावर कुणाची गाडी कशी गेली, कुठं धुकं उतरतं, कुठल्या घरची कुत्री टायरच्या मागे लागते. रुबिएलाला मनात लाज वाटायची की ती ह्या दिवसांत सुखी आहे. त्याचा पाय गेला म्हणून हे दिवस आले होते.

लायसन्स हातात आलं आणि एका सोमवारी रुबिएला जीप घेऊन चौकात रांगेला लागली. आर्सेसिओ शेजारी, नवा शर्ट घालून. ड्रायव्हर मंडळी चहाडखोर म्हाताऱ्यांसारखी कट्ट्यावर गोळा झाली होती. त्यातला गिल्दार्दो, पोट सुटलेला, तोंडाचा फटकळ, टोपी छातीशी धरून ओरडला, "मेणबत्त्या लावा रे चर्चमध्ये! वहिनी निघाल्या!"

"माझ्यासाठी नको लावूस," रुबिएला म्हणाली. "तुझ्या बायकोनं सांगितलंय मला, गिल्दार्दोला धक्का मारल्याशिवाय तो चालूच होत नाही."

कट्टा हसून लोटपोट झाला. गिल्दार्दोही हसला. आणि आर्सेसिओ इतका हसला की तोंडाच्या पडलेल्या बाजूनं लाळ गळली. तिनं ती कुणाच्या लक्षात यायच्या आत पुसली.

धंदा जमला. सुरुवातीला बायकाच तिच्या गाडीत बसत, मग पुरुषही बसू लागले. आर्सेसिओ प्रत्येक खेपेला बरोबर असायचा आणि प्रत्येक खेपेला बोलायचा. "आता तिसरा. लवकर टाकलास. क्लच पुरता दाब, अर्धवट नको. पाय काढ पेडलवरून. पाय काढ." पहिल्यांदा तिला त्याचा आधार वाटायचा. मग सवय झाली. मग तोडणीचा भर आला, दिवसाला खेपा वाढल्या, पाठ मोडायला लागली, आणि तेच शब्द तिच्या कानाला टोचू लागले. तिला आता येत होतं. पाय आपोआप जायचा, तिला सांगावं लागायचं नाही. पण तो सांगायचाच. गिल्दार्दो म्हणायचा, "ह्या गाडीला दोन ड्रायव्हर. एक पायाचा, एक तोंडाचा." लोक हसायचे, आर्सेसिओसुद्धा. रुबिएला हसायची नाही.

एका शनिवारी गाडी गच्च भरली होती. मागे पोती, पोत्यांवर तोडणीची माणसं, फळीवर उभी राहून दांड्याला लटकलेली आणखी माणसं. सुस्पीरोच्या मध्यावर समोरून खेचरं आली आणि तिला थांबावं लागलं. उन्हानं डोकं तापलं होतं. खेचरं गेली. ती गाडी उचलू लागली आणि आर्सेसिओ सुरू झाला. "हाफ क्लच नको ठेवूस. जळेल. आवाज ऐक. ऐक म्हणतो ना. आता सोड. सोड गं. तसं नाही..." मागून कुणीतरी त्याची नक्कल केली, "सोड गं, सोड गं," आणि सगळी गाडी हसली.

"गप्प बस, आर्सेसिओ!" रुबिएला ओरडली. "पाय माझा आहे. तुझा नाही."

मागचं हसणं विझलं. तिनं गाडी उचलली. अगदी बेमालूम उचलली, तसूभरही मागे गेली नाही. आर्सेसिओ समोर बघत होता. त्यानं उजव्या हातानं आपला डावा हात उचलला, मांडीवर नीट ठेवला, आणि आल्तो बोनितो येईपर्यंत तो एक अक्षर बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. ती माफी मागायला गेली तर तो म्हणाला, "खरं तेच बोललीस. त्यात माफी कसली?" आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, भांडण झालं असतं, मिटलं असतं. सोमवारी सकाळी तिनं जीप दारात आणली. तो पडवीतून उठला नाही.

"चल ना."

"तू जा. कोंबड्यांकडे बघायला कुणीतरी हवं."

"कोंबड्यांना काय बघायचंय?"

"तुला आता येतं, रुबिएला," तो म्हणाला. "मी जागा अडवतो. तिथं एक पासिंजर बसेल."

ती रोज विचारायची. तो रोज काहीतरी निमित्त सांगायचा. रात्री ती मुद्दाम प्रश्न काढायची, पावसात ओढ्याच्या वळणावर दुसरा ठेवू का तिसरा? तो म्हणायचा, "तुला ठाऊक आहे." आणि तिला ठाऊक असायचं. रविवारी जीप धुणं मात्र त्यानं सोडलं नव्हतं. एका हातानं धुवायचा, निम्मी गाडी धुऊन व्हायची. उरलेली ती धुवायची. तेव्हाही तो जीपशी काही बोलताना तिला दिसला नाही.

मग ती दुपार आली. ती सकाळच्या खेपा करून जेवायला घरी आली. पडवीतली खुर्ची कलंडलेली आणि आर्सेसिओ जमिनीवर. डोळे उघडे होते. तो काहीतरी बोलत होता, पण आता शब्द होत नव्हते. तिच्या ओरडण्यानं खालच्या मळ्यातली दोन माणसं धावत आली. त्यांनी त्याला उचलून पुढच्या सीटवर बसवलं. त्याच्या रुआनाची, त्या लोकरी घोंगडीची, तिनं घडी केली, त्याच्या छातीवरून नेऊन सीटच्या मागे गाठ मारली, म्हणजे तो पुढे कोसळायला नको. कोण बरोबर येतंय हे बघायला ती थांबलीच नाही.

शहराचा रस्ता सगळा उतार. सकाळी पाऊस होऊन गेला होता, लाल माती साबणासारखी झाली होती. तिचा जीव पळत होता आणि गाडी पळवता येत नव्हती. प्रत्येक गचक्याला तो कण्हायचा. तिनं दुसऱ्या गिअरमध्ये गाडी ठेवली, क्लचवरचा पाय पूर्ण काढला, इंजिनाला गाडी धरू दिली. कुठं तिसरा टाकावा लागला तर पाय इतका हळू सोडायची की तिला स्वतःला कळत नव्हतं कधी सुटला. ओढा ओलांडल्यावर त्याच्या तोंडून एक शब्द बाहेर आला. "हळू."

"हो. हळूच चाललेय. बघ. आवडतंय ना?"

ती बोलत राहिली. तोडणी चांगली होतेय म्हणाली. लिबार्दोनं परवा काय गोंधळ घातला ते सांगितलं. गिल्दार्दोनं तुझी आठवण काढली म्हणाली. मग म्हणाली, "आर्सेसिओ, त्या दिवशी मी बोलले ते तोंडाला येईल ते बोलले. पाय तुझाच आहे. मला काय येत होतं? तू दिलेलाच आहे हा पाय." तो गप्पच होता. तिला वाटलं ऐकतोय. "अजून रुसलायस? आता हा तिसरा टाकू का? सांग ना. लवकर होईल का?"

बांबूच्या बेटाजवळचं वळण आलं. मान त्याच्याकडे वळवायची तिची हिंमत होत नव्हती. तेव्हा तिनं एक केलं. तिनं क्लच अर्धवटच दाबला आणि गिअरचा दांडा जोरात ओढला. गिअर किंचाळला. तिनं पाय एकदम काढून घेतला. जीपनं असा गचका खाल्ला की मागचा रिकामा डबा उडून आदळला. असा आवाज आर्सेसिओनं जन्मात कधी खपवून घेतला नव्हता. गाढ झोपेत असला, दोन घरांपलीकडे असला, तरी तो उठून शिव्या घालायचा. झटक्यानंतर, बिछान्यात पडलेला असतानासुद्धा, रस्त्यावरून जाणाऱ्या परक्या गाडीला त्यानं शिव्या घातल्या होत्या.

त्याची मान पुढे पडली आणि तशीच राहिली.

"शिव्या दे," रुबिएला म्हणाली. "दे ना शिव्या."

तिनं गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला. बांबूतून पाणी ठिबकत होतं. तिनं त्याचा डावा हात हातात घेतला, मग सोडून उजवा घेतला, कारण उजव्या हाताला तिचा स्पर्श कळायचा. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मागून एक बस आली आणि हॉर्न देऊ लागली. वळायला जागा नव्हती. रुबिएलानं डोळे पुसले आणि गाडी खाली शहराकडे नेली, तशीच हळू, तितकीच सांभाळून. जणू अजून त्याला काही दुखणार होतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "केव्हा गेले?" तिला सांगता येईना. ओढा ओलांडला तेव्हा होता, एवढंच ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली.

दुसऱ्या दिवशी त्याला गावाकडे आणायचं होतं. सगळ्या ड्रायव्हरांनी त्या सकाळी रांग मोडून आपापल्या जीपा शहरात आणल्या. शवपेटी हिरव्या जीपमध्ये मागे ठेवली. गिल्दार्दो तिच्याजवळ आला. टोपी हातात होती, ह्या वेळी थट्टेनं नव्हे.

"वहिनी, आज मी चालवतो. तुम्ही मागे बसा त्याच्यापाशी."

"नको."

"हट्ट नका करू. पाय थरथरतायत तुमचे."

"थरथरू दे," ती म्हणाली. "उस्तादाला तुझे गचके सोसायचे नाहीत."

गिल्दार्दो रडू लागला. तो पोट सुटलेला माणूस भर रस्त्यात हुंदके देत होता आणि तिला त्याची समजूत काढावी लागली.

ती पुढे, तिच्यामागे साऱ्या जीपा. सान्ता ओलायापर्यंतच्या वाटेवर कुणी हॉर्न वाजवला नाही, कुणी ओव्हरटेक केलं नाही. गावात लोक दारांत उभे होते. तिनं गाडी चर्चसमोर उभी केली तेव्हा मागच्या पेटीवरची फुलं जागची हलली नव्हती. हे पुष्कळांनी पाहिलं आणि पुढे बरेच दिवस ते बोलत राहिले. रुबिएलाला त्यातलं काही ऐकायला आवडत नसे.

नऊ दिवसांची प्रार्थना झाली. लिबार्दो म्हणाला, ताई, जीप विकून टाक, आमच्याकडे राहायला ये. काही आठवडे जीपवर पुन्हा कोंबड्या बसल्या. मग तोडणीची शेवटची पोती वाडीत अडकून पडली, लोक दारात आले, आणि ती उठली. कामाला लागली. गाडीत आता कुणी नक्कल करत नाही, तीही फारसं बोलत नाही. ओढ्याचं वळण आलं की दुसरा, पुढे तिसरा. पाय जातो.

मधे असाच एक पावसाळा गेल्यावर आल्तो बोनितोची दिओसेलिना तिच्याकडे आली. अंगापिंडानं मजबूत पोरगी, नवरा फौजेत, घरी सासूसासरे आणि एक खटारा गाडी पडून. "मावशी, मला शिकवा ना. गावातल्या पुरुषांकडे गेले तर शिकवण्यापेक्षा जास्त दात काढतील."

रुबिएलानं नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण पोरीनं आणलेल्या अंड्यांच्या टोपलीकडे बघून तिला नाही म्हणवेना. शाळेमागच्या मैदानावर ती जीप घेऊन गेली. दिओसेलिना स्टिअरिंगमागे बसली. रुबिएला गाडीला वळसा घालून दुसऱ्या बाजूला आली आणि दार उघडून उजव्या सीटवर बसली.

ह्या सीटवर ती चालवायला शिकल्यापासून कधी बसलीच नव्हती.

तिथून सगळं वेगळं दिसत होतं. रस्ता तिरका दिसायचा आणि चालवणाऱ्याचा चेहरा पूर्ण दिसायचा. पोरीनं ओठ दाताखाली धरला होता, कपाळावर घाम होता, डोळे मोठे झाले होते. म्हणजे आर्सेसिओला रस्ता कमी आणि ती जास्त दिसत होती. इतके दिवस तो तिच्याकडे बघत होता, आणि तिनं सगळा वेळ समोर बघितलं होतं.

"आता सोडू का, मावशी?"

"सोड. हळू."

गाडीनं नाक उचललं आणि रुबिएलाचा डावा पाय आपोआप खाली गेला. तिथं काही नव्हतं. नुसता पत्रा. तिनं पुन्हा दाबलं. पत्राच. गाडी उड्या मारत चालली होती आणि तिच्या पायाखाली धरायला, सोडायला, सावरायला काहीएक नव्हतं. होतं ते फक्त तोंड.

गाडी बंद पडली. दिओसेलिनानं घाबरून शेजारी पाहिलं. रुबिएला दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होती.

"मावशी? मी काही मोडलं का हो?"

रुबिएलानं मान हलवली. मनगटानं डोळे पुसले.

"नाही गं," ती म्हणाली. "काही मोडलं नाही. चालू कर पुन्हा."